भंडारा लागलेले पैसे

१

पेटीचं कुलूप निघालं, चंद्राबाईंनी आतलं फडकं बाहेर काढून गाठ सोडली, आणि पैशांऐवजी नदीतले गोटे जाजमावर घरंगळले. साळूबाईच्या रांगत्या पोरानं त्यातला एक उचलून तोंडात घातला. एरवी चार हात पुढं झाले असते. त्या दिवशी कुणीच हललं नाही.

ही गोष्ट पंचाहत्तर सालच्या पौषातली. कुंडलच्या अलीकडं माळेवाडीत, हंबीररावांच्या सोप्यात दूधमाउली मंडळाची बैठक भरली होती. मंडळ म्हणजे काही फार मोठं प्रस्थ नव्हतं. सातारा-सांगलीच्या शिवेवरच्या दहा-बारा गावांतल्या बायका नव्या बाळंतिणीच्या घरी जात, तिला पोर अंगावर घ्यायला शिकवत, दुधाच्या गाठी झाल्या तर शेकून देत आणि पहिलं चिकाचं दूध पिळून टाकायला निघालेल्या सासूशी गोडीगुलाबीनं भांडत. दुष्काळात खडी फोडणाऱ्या बायांचं दूध आटलं आणि गावोगाव डब्याची पावडर आली, तेव्हा मानसिंग फौजदारांच्या रंगुबाईंनी हे काम सुरू केलं. रोजावर जाणाऱ्या बाईला नुसता उपदेश करून काय उपयोग, असं त्यांचं म्हणणं. तिला सव्वा महिना घरी बसता आलं पाहिजे. म्हणून मंडळ दर पौषात पालीच्या खंडोबाच्या यात्रेत भरीत-भाकरीचं दुकान लावी, आणि त्या कमाईतून मजूर बाळंतिणींना घरबसल्या दिवसाचा रोज देई.

पहिल्याच वर्षी रंगुबाईंनी देवळात सगळ्यांना भंडारा उचलायला लावला होता, की ह्यातला एक पैसाही डब्याच्या दुधाला जाणार नाही. गेल्या श्रावणात रंगुबाई गेल्या. शपथ राहिली.

दाराशी तीन बाळंतिणी पोरं घेऊन रोजासाठी बसल्या होत्या. गोटे बघून एकीनं पदर खोचला, दुसरीनं पोर काखेला मारलं आणि तिघी उठून चालू लागल्या. सकाळी उसाच्या फडावर जायचं म्हणजे रात्रीच भाकरी बडवून ठेवायला हव्या होत्या.

चंद्राबाई हंबीररावांच्या मालकीण आणि आता मंडळाच्या अध्यक्ष. त्यांनी ओसरीवरच्या खुर्चीकडं तोंड फिरवलं. खुर्चीत मानसिंगराव बसले होते. पेटी चंद्राबाईंच्या माजघरात आणि किल्ली फौजदारांच्या घरात, ही व्यवस्थाही रंगुबाईंचीच.

"भावजी, कुलूप फोडलेलं न्हाई. किल्ली तुमच्याकडं, पेटी माज्याकडं. मग चोर कोन म्हनायचा? तुमी का मी?"

"चौकशी करतो," मानसिंगराव म्हणाले.

"करा. पन ऐतवारपतुर. तंवर पैसं मिळालं न्हाईत तर मंडळाची पाटी मी माज्या हातानं उतरवनार. गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हायली न्हाई."

मानसिंगरावांनी किल्ली खिशात टाकली. मूल नाही, शेती भावकीनं खाल्ली, बायको सरणावर गेली. रंगूचं म्हणून जगात आता हे मंडळच उरलं होतं. गुरुवार होता आणि हातात तीनच दिवस होते.

२

किल्ली रंगुबाईंच्या फोटोमागं खिळ्याला टांगलेली असे. बैठकीला नेताना ती मानसिंगरावांना नेहमीच्या जागीच सापडली होती. म्हणजे कुणीतरी ती काढली, वापरली आणि परत होती तिथं लावली. फोटोला हात लावणाऱ्या बायका तीनच. चंद्राबाई अमावास्येला हार घेऊन येत. त्यांची सून साळूबाई ताक घेऊन येई. आणि बनूबाई. बनूबाई रंगुबाईंचा उजवा हात, तरुणपणीच विधवा झालेली, मूलबाळ नाही. ती रोज सकाळी येऊन फोटो पुसून फूल वाहत असे.

फोटोत रंगुबाईंच्या पदराला डाव्या खांद्याखाली सेफ्टी पिन होती. ही पिन मंडळाची ओळखच होती म्हणा ना. नव्या बाळंतिणीला मागच्या खेपेला कुठल्या बाजूला पाजलं हे आठवत नाही, मग एक बाजू तुंबते आणि ताप भरतो. रंगुबाईंनी यावर साधी युक्ती काढली होती. पाजून झालं की पिन दुसऱ्या बाजूला लावायची. जिकडं पिन, तिकडं पुढची पाळी. बाळंतिणीला शिकवायचं म्हणून मंडळाच्या सगळ्याच बायका पिन लावून हिंडत आणि फौजदार त्यांना "रंगूची पलटण" म्हणून चिडवत.

तर, तीन बायका. मानसिंगरावांनी खाटेवर बसून विडी पेटवली आणि विडी संपायच्या आत त्यांना एक गोष्ट सुचली, जिच्यावर ते स्वतःच खूश झाले. पालीच्या यात्रेत भंडाऱ्याची उधळण होते. माणसं पिवळी, बैल पिवळे, रस्ता पिवळा. तिथं जमलेले पैसे पिवळे नसतील तर काय! नोटांच्या घडीत, नाण्यांच्या नक्षीत ती हळद महिनाभर तरी जात नाही. चोर कधीतरी पैसा खर्च करणारच.

ते तडक कुंडलला गेले. तिथं आकारामचं किराणा दुकान होतं. साखर-चहापासून डोकेदुखीच्या गोळ्यांपर्यंत पंचक्रोशी त्याच्याकडूनच सगळं घेई. दुकानात दहा-पंधरा माणसं होती. मानसिंगराव मुद्दामच मोठ्यानं बोलले, म्हणजे चोराच्या पाचावर धारण बसावी.

"आकाराम, भंडारा लागलेलं नाणं घेऊन जो कोण येईल, त्याला बसवून ठेव आणि मला निरोप धाड. मंडळाचा पैसा चोरीला गेलाय. पिवळं नाणं दिसलं की समजायचं, हाच तो."

"व्हय साहेब. आजूबाजूच्या दुकानांतबी सांगतो," आकाराम म्हणाला.

परत येताना ओढ्याच्या पुलावर फौजदार एकटेच हसले. नोकरी सुटून पाच वर्षं झाली तरी डोकं शाबूत होतं.

३

शुक्रवारी सकाळी ते हंबीररावांच्या वाड्यावर गेले. हंबीरराव ओसरीवर पान लावत बसले होते आणि त्यांचं वेगळंच रडगाणं चालू होतं.

"पैशाचं काय घेऊन बसलाय फौजदारसाहेब, माजा फड वाळाय लागलाय. जतकडची टोळी आनली. त्यातल्या त्या बिराप्पाची बायकू बाळंतपनात मेली पाचटाच्या कोपीतच. चौदा-पंधरा दिस झालं. त्यो गडी आजून कोयता धरतोय न धरतोय. कारखान्याची गाडी काय थांबती व्हय?"

मानसिंगरावांनी मान हलवली आणि मुद्द्यावर आले. "तुमच्या खिशातले पैसे जरा बघू."

हंबीररावांनी कोपरीच्या खिशातून मूठभर नाणी काढली. त्यात तीन-चार पिवळी होती.

"आवं, मीबी पालीला गेलो हुतो की! निम्मं गाव गेलं हुतं. तुमी काय समद्या गावाला बेड्या घालनार?"

हे मात्र फौजदारांच्या ध्यानात आलं नव्हतं. ते जरा वरमले. पण दवंडी पिटून झाली होती, आणि पिटलेली दवंडी परत घेणं त्यांच्या स्वभावात नव्हतं.

चंद्राबाईंनी सगळ्या प्रश्नांना धडाधड उत्तरं दिली. यात्रेहून आल्यावर फडकं त्यांनीच सगळ्यांसमोर बांधलं, पेटीत ठेवलं. त्यानंतर पेटी फक्त एकदा हलवली, माजघर सारवताना. सारवायला बनूबाई आली होती, साळूबाईही होती. पेटी जड लागली, म्हणून कुणाला शंका आली नाही.

"बनूवर तुमचा संशय आहे?"

"बनूवर? तिला एक लुगडं दोन वरसं जातंय. तिला पैसं कशाला लागत्यात? माझं म्हनाल तर माज्या सुनंला विचारा. पंधरा दिस झालं, तिचं ध्यान घरात न्हाई."

साळूबाई परसात पोराला पाजत बसली होती. नवरा पलटणीत, काश्मीरला. वय एकोणीस-वीस. मानसिंगरावांना बघून तिनं पदर ओढला आणि ती उठायला लागली.

"पोरी, घाबरू नको. पेटीतले पैसे तू घेतलेस का?"

"न्हाई मामा."

"कुणी घेतले ठाऊक आहे?"

ती पोराच्या टाळूवरून हात फिरवत राहिली. मग एकदम रडायलाच लागली. "मी चोरी केलीया मामा. पन पैशाची न्हाई."

"मग कशाची?"

तेवढ्यात दारात चंद्राबाईंची सावली पडली. साळूबाईनं ओठ मिटले, पोर खांद्यावर टाकलं आणि ती गोठ्याकडं निघून गेली.

४

बनूबाईचं घर गावाच्या टोकाला, एका खणाचं. मानसिंगराव गेले तेव्हा ती नुकतीच बाहेरून आली होती. पायांना चिखल आणि लुगड्याला उसाचं पाचट चिकटलेलं. पिन पदराच्या उजव्या बाजूला होती. चूल पेटलेली होती आणि तिच्यावर पातेल्यात पाणी खळाखळा उकळत होतं. भिंतीच्या कोनाड्यात धुतलेलं बोंडलं पालथं घातलेलं होतं.

"बोंडलं कुणासाठी, बनू?"

"बाळंतिनींना दाखवाय लागतं की दाजी. बाटली नको, बोंडल्यानं पाजा, आसं आक्काच सांगायच्या."

हे खरंच होतं. रंगुबाई जिवंत असताना त्यांच्याही घरी असंच बोंडलं असायचं. मानसिंगरावांनी किल्लीचं विचारलं. बनूबाईनं सरळ सांगितलं की फोटो पुसताना किल्ली रोजच हाताला लागते. बाकी तिला काही ठाऊक नाही. बोलताना ती दोनदा दाराबाहेर बघून घेत होती, आणि एरवी आल्याआल्या पाट मांडणाऱ्या त्या बाईनं आज दाजींना बसा म्हटलं नाही.

"कुठं जायचंय का?"

"एक बाळंतीन हाय. तिचं दूध बसाय लागलंय."

"मग जा तू. कामाची खोटी नको."

दिवेलागणीला ती आपण होऊन फौजदारांच्या घरी आली. फोटोपुढं उदबत्ती लावली, हात जोडले आणि उंबऱ्याशी उभी राहिली. दिव्याच्या उजेडात पदराला लावलेली पिन चमकत होती, डाव्या बाजूला. मानसिंगरावांच्या नजरेला ती पडली, पण मनाला पडली नाही.

"दाजी, येक इचारू?"

"विचार की."

"आक्का आसत्या, आनि यकादी बाई आली आसती, आईच न्हाई आशा पोराला घिऊन, तर आक्कांनी मंडळाच्या पैशातनं डबा घिऊ दिला आसता?"

मानसिंगरावांना वाटलं, मंडळ मोडणार म्हणून हिचा जीव थोडा झालाय आणि ही रंगूच्या नियमाची परीक्षा बघतेय. त्यांनी मान ताठ केली.

"शपथ ती शपथ, बनू. रंगूनं भंडारा उचलून घेतलेली. एकदा डबा दिला की गावातल्या सगळ्या सासवा डबा मागतील. तिनं दिला नसता आणि मीही देऊ देणार नाही."

"व्हय दाजी. तुमाला आक्कांचं मन ठावं," एवढंच ती म्हणाली आणि अंधारात उतरून गेली.

५

शनिवारी दुपारी आकाराम स्वतः सायकल मारत आला.

"साहेब, तुमी सांगितल्यापासनं पिवळं नानं याचं बंदच झालं बगा. गुरवारच्या आदी मातुर येत हुतं, तवा ध्यानात आलं न्हाई."

"कोण आणायचं?"

"जतकडचा येक ऊसतोड्या. उंचापुरा, मुंडासं बांधलेला. दोनदा आला. मूठभर नानी टाकायचा, समदी पिवळी."

"काय घेऊन गेला?"

"डब्याचं दूध."

ओसरीवर हंबीरराव येऊन बसले होते. ते ताडकन उठले. "बिराप्पा! मला वाटलंच हुतं. चला, आत्ता कोपीतनं वडून काढतो त्याला."

"थांबा," मानसिंगराव म्हणाले. "ऊसतोड्या माझ्या घरात कधी आला नाही. फोटोमागं किल्ली आहे हे त्याला स्वप्नात कळणार आहे का? मला उद्या सकाळपर्यंत वेळ द्या."

हंबीरराव कसेबसे थांबले. मानसिंगराव मात्र सरळ त्यांच्या गोठ्याकडं गेले. साळूबाई एकटीच शेण भरत होती.

"पोरी, तू चोरलंस काय, ते मला आता कळलंय. पण तुझ्या तोंडून ऐकायचंय. त्या कोपीतल्या पोराला तू पाजलंस ना?"

पाटी तिच्या हातातून खाली पडली.

"दोनदाच मामा. उसाआड बसून. लेक हाय, येवढीशी. आशी चिकटली की सोडंना. बनूमावशीनं मंडळात इचारलं हुतं, कुनीतरी पाजा म्हनून. पाजत्या बाया चौघी हाय आमी. आत्याबाई म्हनाल्या, बाळंतपनात मेलेली बाई पोराच्या मागं मागं फिरती, तिच्या पोराला जी पाजंल तिच्या घरात ती शिरती. समद्या गप बसल्या. मला ऱ्हावलं न्हाई. आनि दुसऱ्याच दिशी माज्या बाळ्याला ताप भरला, मामा! आत्याबाईंनी वळखलं. बाळ्याच्या डोस्क्यावर हात ठिवून मला आन घाया लावली."

"आणि म्हशीचं दूध?"

"दिलं हुतं पयलं. ढाळ लागली. दवाखान्यातल्या बाईनं सांगितलं, आईचं न्हाई तर डब्याचंच द्या, दुसरं काय सोसायचं न्हाई तिला."

मानसिंगराव घरी आले आणि फोटोसमोर बसले. पैसे कुणी घेतले याची दोरी आता हाताशी होती, फक्त टोक दिसत नव्हतं. ते रंगुबाईंच्या पदराकडं बघत राहिले. पिन डावीकडं. फोटोतली पिन कायम डावीकडंच राहणार. मंडळातल्या सगळ्या बायकांच्या पिना अशाच वर्षानुवर्षं एका जागी असतात, कारण त्या नुसत्या दाखवायच्या. बाजू बदलते ती फक्त पाजणारीची.

आणि काल सकाळी बनूची पिन उजवीकडं होती, दिवेलागणीला डावीकडं.

पंचेचाळिशीची, मूल न झालेली ती बाई त्या पोरीला कोरड्या छातीला लावत होती. बोंडल्यानं पाजायचं आणि मग अंगाला लावायचं, दूध येईल या आशेवर, एकदा ह्या बाजूला आणि एकदा त्या बाजूला. रंगूनंच तिला शिकवलं होतं की पोरानं ओढत राहिलं की म्हाताऱ्या आजीलासुद्धा पान्हा फुटल्याचं तिनं पाहिलंय. बनूनं ते खरं मानलं होतं.

६

रविवारी उजाडताच मानसिंगरावांनी कुंडलला जाऊन आकारामला उठवलं आणि स्वतःच्या पेन्शनीतून दुधाचा एक डबा घेतला. शपथ मंडळाच्या पैशाची होती, त्यांच्या पैशाची नव्हती. ही पळवाट परवाच का सुचली नाही, असं त्यांना वाटेत दोनदा वाटून गेलं. काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं. उरलेले पैसे बनूकडून घ्यायचे, कमी पडतील ते स्वतः घालायचे, पेटीत ठेवायचे आणि कुणाचं नाव घ्यायचं नाही. मंडळ टिकेल, पोरगी जगेल, रंगूचं नाव राहील.

तोडलेल्या फडाच्या कडेला पाचटाच्या कोप्या होत्या. शेवटच्या कोपीपुढं बिराप्पा मातीत बसला होता. कोयता बाजूला पडलेला.

"बनूबाई आत आहे?"

त्यानं वर न बघता मान हलवली.

कोपीचं दार ठेंगणं. मानसिंगराव वाकून आत गेले. बनूबाई मांडी घालून बसली होती, पदराखाली छातीशी जुन्या लुगड्याचं गाठोडं घेऊन हळूहळू डुलत. बिराप्पाची म्हातारी आई कोपऱ्यात भिंतीला टेकली होती. मानसिंगराव उकिडवे बसले आणि कोर्टात साक्ष द्यावी तसं त्यांनी हलक्या आवाजात एकेक सांगायला सुरुवात केली. खरं तर त्यांना ते कुणालातरी सांगायचंच होतं.

"पैसे तू घेतलेस, बनू. किल्ली फोटो पुसताना घेतलीस. माजघर सारवायला गेलीस तेव्हा पेटी उघडलीस, आणि जड लागावी म्हणून गोटे घातलेस. मंडळात तू आधी दूध मागितलंस, ते कुणी दिलं नाही. साळूनं दिलं, तर तिला अडवलं. डबा मागायची सोय नव्हती, कारण शपथ. म्हणून चोरलेस, आणि डबे आणायला बिराप्पाला धाडलंस. उकळलेलं पाणी, धुतलेलं बोंडलं मी पाहिलं होतं. पण मला कळलं ते पिनेवरून. सकाळी उजवीकडं, संध्याकाळी डावीकडं."

बनूबाईनं गाठोड्यावरचा पदर नीट केला.

"समदं बरूबर हाय, दाजी. आक्का म्हनायच्याच, तुमच्या नजरंतनं कायबी सुटत न्हाई."

"मी कुणाला सांगायला आलो नाही. हा बघ, डबा आणलाय." त्यांनी पिशवीतून डबा काढून तिच्यापुढं ठेवला. "पैसे उरले असतील ते दे. बाकीचं मी बघतो."

तिनं एका हातानं मागच्या गोधडीखालून फडकं काढलं. ते भलतंच जड होतं. मानसिंगरावांनी गाठ सोडली. पिवळी नाणी, पिवळ्या नोटा. दोन डब्यांचे पैसे सोडले तर सगळे होते.

"एवढे शिल्लक? मग पोरीला काय पाजत होतीस?"

"तुमी गुरवारी दुकानात सांगितलं. बिराप्पाला तितं बाकीच्यांनी सांगितलं, पिवळं नानं दिसलं की फौजदार बेड्या घालनार. त्यो जाईना. मी रातभर राखंनं घासली नानी. न्हाई गेलं पिवळं." ती डुलायची थांबली नव्हती. "डबा बुधवारीच सपत आला हुता. शुक्रवारी खरवडून दिला. तवा तुमाकडं आले हुते. तुमी म्हनला, आक्कांनी दिला नसता. मग म्हशीचंच दिलं, पानी घालून. काल दुपारपासनं ढाळ."

मानसिंगराव उठू लागले. "आता कशी आहे? दवाखान्यात नेऊ. हंबीररावांची जीप मागतो."

बनूबाईनं त्यांच्याकडं पाहिलं.

"पिन बगा दाजी," ती म्हणाली.

पिन उजवीकडं नव्हती. डावीकडंही नव्हती.

तिनं मूठ उघडून ती पिन त्यांच्या तळहातावर ठेवली. पदर सरकला तेव्हा लुगड्याच्या गाठोड्यातला तो एवढासा चेहरा दिसला, आणि त्यांना आणखी काही विचारावं लागलं नाही. बनूबाईच्या चोळीवर मात्र एक ओला डाग होता, रुपयाएवढा.

"आज पहाटं आलं," ती म्हणाली. "ती गेल्यावर."

मग ती रडली. इतकी रडली की बाहेर बसलेला बिराप्पा उठून उसाच्या बांधावर लांब जाऊन उभा राहिला. मानसिंगराव तिथंच बसून राहिले. आयुष्यभर त्यांनी माणसं पकडली होती, पण कुणाला धरून कसं बसायचं हे त्यांना येत नव्हतं.

दुपारी ओढ्याकाठी पोरीला पुरलं. संध्याकाळी सोप्यात बैठक भरली आणि मानसिंगरावांनी फडकं जाजमावर ठेवलं. चंद्राबाईंनी ते कपाळाला लावलं. "पावला गं बाई खंडोबा! मंडळ वाचलं. पन चोर कोन निगाला, भावजी?"

मानसिंगरावांनी सगळं सांगितलं, जसं घडलं तसं. आपण आकारामच्या दुकानात काय बोललो तेही सांगितलं, आणि उंबऱ्यात उभ्या राहिलेल्या बनूला काय उत्तर दिलं तेही. चंद्राबाई मधेच "आमाला काय ठावं" म्हणाल्या. साळूबाई उठली, पोराला सासूच्या मांडीवर ठेवलं आणि परसात गेली. तिच्या हुंदक्यांचा आवाज सोप्यात येत होता आणि कुणी तिच्यामागं गेलं नाही.

रोजासाठी त्या तिघी बाळंतिणींना बोलावणं गेलं. दोघी आल्या. तिसरीनं निरोप धाडला की तीन दिवस फडावर राहून तिचं दूध आटत आलंय, आता रोज नको, जमलं तर डब्याचं दूध द्या.

पाटी उतरवायची गरज पडली नाही. पुढच्या पौषात पालीला जायला कुणी उठलंच नाही, आणि मंडळ आपोआप थांबलं. बनूबाई त्याआधीच टोळीबरोबर जतकडं निघून गेली होती. बिराप्पाच्या म्हाताऱ्या आईला बघायला कुणी नव्हतं म्हणे.

आकाराम डबा परत घेईना, म्हणून तो फोटोखालच्या फळीवर न फोडलेला तसाच राहिला. किल्ली मानसिंगरावांनी खिळ्याला अडकवली. बनूची पिनही तिथंच कुठंतरी लावावी म्हणून त्यांनी ती फोटोजवळ नेली. पण कुठल्या बाजूला लावायची हे त्यांना कळेना. शेवटी त्यांनी ती खिशात ठेवून दिली.